डेस्पॉटचं कार्ड

“समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस गं तू. महागात पडेल एक दिवस,” मावशीने बजावलं होतं. राजकीय शब्दांच्या कोशाच्या कचेरीत सहसंपादक म्हणून रुजू व्हायला निघालेली ती नुसती हसली. “मावशी, माझं कामच मुळी खोडायचं आहे!”

पहिल्याच आठवड्यात, शब्दांच्या नोंदी लिहिलेल्या कार्डांच्या कपाटांमधल्या चिंचोळ्या वाटेत तिने एक खण ओढला आणि तो मागून येणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळला. शंभरेक कार्डं फरशीवर! दोघं एकदमच खाली वाकली.

“तुम्हीच का ते… मूळपुरुष?” शब्दांची मुळं शोधणाऱ्या त्या तरुणाला सगळे याच नावाने हाक मारत.

“हो. आणि तुम्ही लाल शाई. फारसं लागलं नाही हं मला — तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपलं सांगतोय.”

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढे तिच्याकडे तपासायला येणाऱ्या कार्डांच्या मागे त्याचं पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसू लागलं. ‘निळा रंग शोभतोय.’ ‘चहा गार झाला, शाई अजून तापलेलीच?’ ती लगेच खोडरबर फिरवायची… दोनदा वाचून झाल्यावर.

आणि एका सोमवारी, प्रमुख संपादक टेबलाशी उभे असतानाच ते कार्ड वर आलं. ‘डेस्पॉट : निरंकुश सत्ताधीश. मूळ ग्रीक, अर्थ घराचा धनी. अख्ख्या देशाला आपलं घर आणि माणसांना घरचे गुलाम समजणारा. आपला “दंपती” याच कुळातला. त्याचाही जुना अर्थ घराचा धनी, पुढे नवरा-बायको दोघं.’

दंपती! म्हणजे हा आता शाईने, पुढच्या बाजूला… साहेबांसमोर? तिने ताडकन रेघ ओढली. शेजारी लिहिलं, ‘कार्डावर थट्टा नको.’

साहेबांनी वाचलं. मूळपुरुषाची नोकरी अजून कच्ची होती. महिनाअखेर त्याला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी तळघरात, जुन्या कार्डांवर आकडे घालायला. जिन्यात भेटला तरी खाली बघून जायचा. पेन्सिल थांबली.

नवव्या दिवशी तिने फळीवरचा जाडजूड ग्रंथ काढला. कार्डातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घराचा धनी कसा वागतो, ते तिनेच टेबलावर करून दाखवलं होतं.

तिने त्याच कार्डावर लिहिलं, ‘नोंद बरोबर. चूक माझी,’ आणि खाली सही केली. साहेबांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, “सही ठळक करा.”

मग ती तळघरात उतरली.

“मी… पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नाही.”

“मला विचारायचं होतंत.”

“घाबरले. वाटलं, तुम्ही खरंच तसं म्हणताय.”

“आणि म्हणत असतो तर?”

तिला मान वर करवेना. “तर… खोडलं नसतं. एकटी असते तर.”

तो पहिल्यांदा हसला. “नोंद सरळच होती हो. तुमच्याच गठ्ठ्यात वरती ठेवली, ती मात्र मुद्दाम.”

त्याने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली, आणि तेव्हा तिला समोरची भिंत दिसली. नऊ दिवस तो या भिंतीकडे बघत एकटाच डबा खात होता. वर कचेरीत सगळे, तीसुद्धा, म्हणत होते, ‘बरं झालं, हल्ली तो वाद घालत नाही.’ ही लाज तिची अजून गेलेली नाही.

तुमच्याही घरात, कचेरीत असं कुणीतरी अलीकडे गप्प झालं असेल. हे वाचणं राहू द्या. आधी जाऊन बघून या — आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.