आत्याच्या भिंतीवरची सही

हे खरं आहे. शपथ घेणार नाही, कारण आमच्या घरात दिलेल्या शब्दाचं काय होतं ते मी पाहिलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं ब्लफला यावं, दक्षिण टोकाच्या या आमच्या बंदरगावात. टेकडीच्या रस्त्यावर, वरून तिसरं घर. किल्ली मी देईन.

आत मात्र मी येणार नाही.

मे महिन्यातला तिसरा गुरुवार होता. सव्वातीन वाजले होते.

दुपारचे.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी माझी आत्या पाहिली नव्हती. तिला काम उजेडातच आवडायचं. दिव्याखाली भिंतीवरच्या कागदाचे सांधे नीट दिसत नाहीत म्हणायची.

आयल्सा आत्या. माझ्या वडिलांची बहीण. आई गेली तेव्हा मी, नोला, सात वर्षांची होते आणि माझा भाऊ युअन तीन वर्षांचा. आत्या एक ट्रंक घेऊन आली, स्वयंपाकघरामागच्या लहानशा खोलीत राहिली, आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिली. लग्न केलं नाही. लोकांच्या घरी भिंतींना कागद लावायचं काम करायची. निम्म्या ब्लफच्या भिंती तिच्या हातच्या. शाळा सुटली की मी तिची खळीची बादली धरायचे. पुढे तिच्याच हाताखाली तेच काम शिकले. आजही त्यावरच पोट भरते.

या फेब्रुवारीत आत्या पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. हॉस्पिटलमधून तिला इन्व्हरकार्गिलच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, थोड्या दिवसांसाठी.

युअन तिला म्हणाला, "आत्या, चालायला लागलीस की थेट घरी. तुझ्या खोलीला कुणी हात लावणार नाही."

मी शेजारीच उभी होते. मीही मान हलवली.

एप्रिलच्या मध्याला युअनचा फोन आला. वडिलांचं घर आता त्याचं, मी जवळच वेगळी राहते. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि त्याची बायको रेविन हिचे आईवडील नेल्सनहून राहायला येणार होते.

"ताई, आत्याची खोली पाहुण्यांसाठी करून टाकू या म्हणतोय."

"आणि ती परत आली की?"

"येतेय कसली! संडासापर्यंत जायचं तर दोन नर्सा लागतात तिला. तू उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. कागद लावशील ना? दुसऱ्या कुणाला बोलावलं तर आत्याच नाक मुरडेल."

हे बोलून तो हसला. मीही हसले.

दर रविवारी मी तिला भेटायला जायचे. ती विचारायची, "खिडकी उघडतेस ना गं रोज? कोंदट होते खोली."

"उघडते, आत्या."

तोवर तिची खाट शेडमध्ये गेली होती. तिचे कपडे पिशव्यांत भरून झाले होते.

आमच्याकडची जुनी घरं लाकडाची. आतून फळ्या, फळ्यांवर ताणून ठोकलेलं तरट, आणि तरटावर कागद. समुद्राचा वारा फळ्यांच्या फटींतून शिरतो, तरट फुगतं, पुन्हा बसतं. आम्ही म्हणतो, भिंत श्वास घेते. इथली पोरं त्या आवाजातच झोपतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खिडकीजवळचं तरट कुजलं होतं. मी ते फाडून काढलं. मागे फळ्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं...

आयल्सा, १९७४.

त्याखाली... आयल्सा आणि नोला (वय बारा), १९७९.

आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. भिंत झाकण्याआधी कारागीर आपलं नाव आणि साल लाकडावर लिहितो. ते कुणालाही दिसत नाही. पुढे कधी भिंत उघडणाऱ्यालाच दिसतं. आत्या म्हणायची, "सही म्हणजे शेखी नव्हे गं. काम वाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा, ते कळलं पाहिजे."

मी पेन्सिल काढली.

हात वर गेलाच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझं नाव लिहायची लाज वाटली.

तेवढ्यात युअन चहा आणि गरम चीज रोल घेऊन आला.

"काय गं ताई, सही नाही केलीस? आण इकडे."

त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि आत्याच्या नावाखाली मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं... *पाहुण्यांची खोली. काम करणारा युअन.*

"एक खिळा तरी ठोकलायस का रे?" मी म्हटलं.

"घर कुणाचं? माझं. मग सही पण माझीच. तू बस बोंबलत."

मी हसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यावर नवं तरट ताणून मी खिळे ठोकले.

दीड आठवड्यानं वृद्धाश्रमातून फोन आला. आत्या गेली.

मी पोचले तेव्हा तिथली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, "रविवारी संध्याकाळी तुमच्या गल्लीतली कुणी बाई भेटायला आली होती. फार कौतुकानं सांगत होती, आजींची खोली कसली छान करतायत म्हणून. तेव्हापासून आजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही."

"काही बोलली का?"



"एकदाच. म्हणाल्या, ज्यानं माझ्या भिंतीला हात लावला, त्याला मी बघून घेईन."

शुक्रवारी तिला पुरलं. पुढच्या शनिवारी पाहुणे येणार होते, आणि माझा कागदाचा शेवटचा पट्टा लावायचा राहिला होता.

म्हणून त्या गुरुवारी मी गेले. घरात मी एकटीच होते. युअन कालवांच्या बोटीवर, रेविन दुकानात.

त्या दिवशी वारा नव्हता.

ब्लफला वारा नसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. वर्षातून असे चार-पाच दिवस. समोरच्या घराचा धूर सरळ वर चालला होता. बंदरातलं पाणी हलत नव्हतं.

मी पट्टा लावला. ओळंबा धरून पाहिला. बरोबर होता. काम बघायला दोन पावलं मागे सरले...

भिंत फुगली.

हळूहळू... मग आत गेली.

मी खिडकीच्या फटीला ओलं बोट लावून पाहिलं. काही नाही. पडद्याची झालरसुद्धा स्थिर.

भिंत पुन्हा फुगली. मग थांबली... बराच वेळ थांबली... आणि शेवटी एक अडखळ घेऊन खाली बसली.

तो श्वास मी ओळखला. दोन-अडीच महिने दर रविवारी मी त्याच्या उशाशी बसले होते.

मग आवाज आला.

सर्र... सर्र...

कागदावरून कोरडा ब्रश फिरवल्याचा. आधी मधोमध वरून खाली, मग मधून कडांकडे. आत्यानं मला शिकवलं होतं अगदी तसा. आवाज भिंतीच्या पलीकडून येत होता. पलीकडे खोली नाही. मागचं अंगण आहे.

मी बाहेर धावले. कुणी नव्हतं. कोंबड्या कुंपणाच्या टोकाला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. एकही आवाज करत नव्हती.

परत आत आले...

लावलेला पट्टा भिंतीवर नव्हता.

तो टेबलावर होता. दोन्ही टोकं मधे आणून, खळीची बाजू खळीच्या बाजूला टेकवून, नीट घडी घातलेला. लावायच्या आधी खळ मुरावी म्हणून आम्ही घालतो तशी घडी. कुठे फाटलेला नव्हता. चुरगळलेलाही नव्हता. कुणीतरी काम नापास करून परत दिलं होतं.

ब्रश, बादली, सगळं टाकून मी घरी गेले.

कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? दुसऱ्या दिवशी रेविन घरात असताना गेले, पट्टा पुन्हा लावला. या वेळी तो बसला. मी म्हटलं, झालं, संपलं.

शनिवारी पाहुणे आले. रेविनची आई, मर्लबाई, खोलीवर भलत्याच खूश झाल्या. रविवारी मीही जेवायला होते. जेवण झाल्यावर त्या तिथेच आडव्या झाल्या. चारला चहासाठी बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"काय गं रेविन, ती तुमच्याकडची म्हातारी कोण? फार फटकळ बाई आहे."

"कोण म्हातारी?"

"अगं, मघाशी आत आली होती. दार वाजवायची पद्धत नाही, काही नाही. सरळ मला विचारते, हे काम कुणी केलं? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी पाहुणी आहे. तर म्हणाली, राहू दे, मी वाचते."



"सासूबाई," युअन हसत म्हणाला, "जेवताना वाइन जरा जास्तच झाली वाटतं."

हसला खरा, पण त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"मग?" मी विचारलं. "मग काय केलं तिनं?"

"खिडकीजवळ गेली. कागदावर नाक टेकून उभी राहिली, बोट फिरवलं हळूहळू. आणि म्हणाली..."

मर्लबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणाली, सापडला."

सापडला.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मोठ्यानं, त्या खोलीकडे तोंड करून... आत्या, तो नाही, मी. ते काम माझं आहे. शब्द अगदी जिभेवर होते.

मी बशीतलं बिस्किट उचललं आणि खाल्लं.

सोमवारी सकाळी युअन कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारानं निघाला. कोरडी, सपाट जमीन. ना ठेच, ना दगड. तिसऱ्या पावलाला तो कोसळला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, आयुष्य हलत्या बोटीवर काढलेलं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं.

मुलीच्या लग्नाला तो नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. सावकाश चालायला शिकवायचं म्हणून त्याला कुठेतरी ठेवायचं होतं. जागा एकाच ठिकाणी होती. आत्याच्याच वृद्धाश्रमात.

त्यानंतर आम्ही त्याला तीनदा घरी आणलंय. गाडीतून उतरतो, काठी टेकत फाटकापासून दारापर्यंत व्यवस्थित येतो. रेविनशी थट्टा करत येतो. आणि उंबऱ्यात पाय टाकला की डावा पाय खालून निसटतो.

तिसऱ्या वेळी तो किंचाळला, "सोड! घोटा सोड!"

रेविनला वाटलं तिलाच म्हणतोय. ती रडायला लागली. मी खाली वाकून त्याचा पाय बघितला.

मोज्यावर चार बोटांचे ओले ठसे होते. पांढरे, चिकट.

मी वास घेतला.

खळ.

डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडला तर उभा राहणार नाही. रेविन त्या घरात एकटी राहते आणि मागच्या खोलीचं दार बंद ठेवते. मला विचारते, "ताई, यांनी कुणाचं काय वाकडं केलं हो?" मी तिला सांगत नाही.

काय करायला हवं ते मला ठाऊक आहे. खिडकीजवळचं तरट उसवायचं, त्याचं नाव खोडायचं, माझं लिहायचं. वीस मिनिटांचं काम. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलेय. दुसऱ्यांदा तर वाराही होता, सगळी भिंत नेहमीसारखी फडफडत असणार. तरी माझा हात कडीकडे गेला नाही.

लहानपणी हा युअन मधूनच झोपेतून उठून माझ्या पांघरुणात शिरायचा. मी त्याच्यासाठी शाळेत मोठ्या पोरांशी मारामारी केलीय. आणि आता मी विचार करते तो माझ्या पायांचा. मी एकटी राहते. मी पडले तर मला कोण उचलणार?

गेल्या रविवारी त्यानं माझा हात धरून ठेवला. कालवांच्या शिंपल्यांनी चरे पडलेला त्याचा तळवा आता मऊ झालाय.

"ताई, मला घरी ने ना गं. तू सांगितलंस तर सोडतील हे लोक. तुझ्यावर विश्वास आहे सगळ्यांचा."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"डॉक्टर अजून नको म्हणतायत रे."

डॉक्टर असं काहीही म्हणालेले नाहीत.