मागून येणारं ‘शे’

आधीच सांगतो, ही घडलेली गोष्ट आहे. मनाने रचली असती तर मी तिला जरा बरा शेवट दिला असता.

हे घडलं माझ्या आतेभावासोबत, हितेंद्रसोबत. मागच्या डिसेंबरातला रविवार. शिरपूरच्या वर, सातपुड्यात.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. वाटेत पिंपळसुद्धा नव्हता. लोकांची दुपारची जेवणं होऊन ऊन कलायला लागलं होतं, एवढंच. जे काही होतं, त्याला आपल्या वेळापत्रकाशी देणंघेणं नव्हतं.

हितेंद्र धुळ्यात औषधं विकतो. आठवडाभर मोटारसायकलवर डॉक्टरांच्या मागे, रविवारी सायकलवर डोंगरांच्या मागे. सायकलची ती गादीवाली चड्डी घालून तो निघाला की गल्लीतल्या बायका पोरांना घरात घेतात.

त्याला सापडलेला हा रस्ता म्हणजे लाकूडवाहतुकीचा जुना रस्ता. मधला पूल पुरात वाहून गेला, तेव्हापासून गाड्या बंद. सायकल मात्र खांद्यावर घेऊन नाला पार करता येतो. पुढे ट्रक नाही, हॉर्न नाही. दोन्ही बाजूंना साग आणि अंजन, मध्ये पाचोळ्याखाली बुजलेली डांबराची पट्टी.

या खेपेला सोबत भूषण होता. हितेंद्रचा मावसभाऊ, प्रमिलामावशीचा एकुलता एक. सायकल दूधवाल्याची, मागे कॅन अडकवायचे आकडे तसेच. मडगार्ड असं खडखडायचं की भूषण येणार हे गावाला आधी कळायचं, भूषणला नंतर. मावशीने भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि एक मच्छरदाणी बांधून दिली होती. एका दिवसाच्या फेरीला मच्छरदाणी!

निघताना ती हितेंद्रला एवढंच म्हणाली, “जसा लई जाई राहिना, तसाच लई येजो.”

“जसा नेला तसाच परत आणायला मी पोरगं नेतोय मावशी, फ्रीज नाही,” हितेंद्र म्हणाला.

ती हसली नाही.

आता हितेंद्रचा एक नियम. सायकल चालवताना मागे वळून बघायचं नाही. एकदा भडगावकडे तो असाच वळून बघायला गेला आणि थेट केळीच्या बागेत घुसला. तेव्हापासून पुढच्याने ओरडायचं, “शे का?” मागच्याने ओरडायचं, “शे!” आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. नावबिव काही घ्यायचं नाही, दम वाया जातो.

नाला पार केला. उतार लागला. हितेंद्र पुढे, भूषण मागे.

“शे का?”

“शे!”

हवा गार होती. सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. हितेंद्र खुशीत होता. मागे न बघता बडबडत होता... मावशीच्या भरिताबद्दल, भूषणच्या लग्नाबद्दल, मुलीकडच्यांना हे मडगार्ड दाखवू नकोस म्हणून.

“शे का?”

“शे.”

मग त्याच्या लक्षात आलं...

मडगार्ड वाजत नव्हतं.

उतारावर वाजत नसेल, त्याने मनाशी म्हटलं. पण तेच मडगार्ड उभ्या सायकलवरही वाजायचं.

पुढच्या वळणावर पाखरं गप्प झाली. एकेक करून नाही. कोणी बटण बंद केल्यासारखी, एकदम.

“भूक लागली का रे?” त्याने विचारलं.

“शे.”

“थकला का?”

“शे.”

हितेंद्रला वाटलं, पोरगं मस्करी करतंय. भूषणचा स्वभावच तो. मग तोही मस्करीत म्हणाला, “चल तर मग, घरी चल. मावशीच्या हातचं खाऊ घालतो तुला.”

मागून काहीच आलं नाही.

आणि त्याने पुढचं विचारायला तोंड उघडलं, शब्द अजून ओठावरही नव्हता...

“शे.”

अगदी मानेजवळ.

तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. उताराच्या त्या टोकाला रेंज येते. भूषणचा फोन होता.

हितेंद्रने ब्रेक दाबले. फोन कानाला लावला.

“ओ दादा!” भूषणचा आवाज बसलेला होता. “हाका मारून घसा गेला माझा. चेन निसटली. मी नाल्यावरच आहे, दगडावर चढलो तेव्हा एक काडी रेंज आली. तू तर गप्पा मारत निघूनच गेलास. कोणाशी बोलत होतास?”



हितेंद्र वळला. इतक्या वर्षांचा नियम मोडून वळला.

रस्ता रिकामा होता. पाचोळ्यावर एकाच सायकलची रेघ होती.

“तिथंच थांब,” तो कसाबसा म्हणाला. “जागचा हलू नको. मी येतो.”

“तू कशाला येतो? मीच येतोय. सायकल ठेवली इथंच. तू समोरच तर ओरडतोय, झाडांमागे.”

“भूषण... मी ओरडत नाहीये.”

“मग हे काय आहे?”

आणि फोनमधून, लांबून, झाडांच्या आडून हितेंद्रला ऐकू आलं...

“शे का?”

आवाज त्याचा स्वतःचा होता.

“शे!” भूषण ओरडला आणि हसायला लागला. “वा! दोन दोन हितेंद्रदादा. एकाने डबा उचला, एकाने सायकल.”

“भूषण, तो मी नाही! ऐक माझं! भूषण!”

पाचोळ्यात पावलं वाजली. मग फोन बंद झाला.

हितेंद्र चढावर सायकल कशी घेऊन गेला, त्याचं त्याला माहीत नाही. नाल्यावर दूधवाल्याची सायकल स्टँडवर उभी होती. चेन जागेवर होती. डबा बांधलेला होता. वारा नव्हता, आणि मडगार्ड हळूहळू वाजत होतं.

पुढचे काही दिवस शोधाशोध चालली. जंगलखात्याचे लोक आले, पोलीस आले. पोलिसांचा कुत्रा भूषणचा शर्ट हुंगून नाल्यापासून झाडांत गेला, गोल फिरून परत आला आणि हितेंद्रसमोर बसून भुंकायला लागला. हटवला तरी हटेना. साहेबांनी हितेंद्रकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्या कुत्र्याचा राग हितेंद्रला आजही येत नाही. त्याच्या परीने तो बरोबरच होता. भूषण हितेंद्रच्याच मागे गेला होता.

जवळच्या वाडीतले झुलालआबाही आले होते. त्यांची गुरं त्याच रानात चरतात. त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं.

“शोधा. पन हाक मारू नका कोनी.”

“आबा, मग शोधायचं कसं?” हितेंद्रने विचारलं.

“डोळा शेतस ना?”

म्हणून बठ्ठं, म्हणजे अख्खं, गाव मुक्याने रान धुंडाळत होतं. हरवलेल्या माणसाला हाक न मारता शोधणारी एवढी माणसं मी तरी कधी ऐकली नाहीत. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत असती तर हसलो असतो.

शोध थांबवायचा ठरला त्या दुपारी हितेंद्र बाकीच्यांच्या थोडा पुढे होता. अंजनाच्या झाडांत.

तेव्हा आलं...

“दादा... शे का?”

बसलेला घसा. फोनवर होता तसाच.

हितेंद्रने गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला.

“दादा? शे का रे?”

तो रुमाल चावत उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज काढला नाही. भूषण असेल तर? आणि नसेल तर?



मग झाडांतून हळूच आलं, “बरं. थांबतो मग मी.”

त्यानंतर काही नाही.

ही गोष्ट हितेंद्रने फक्त मला सांगितली आहे. मावशी त्याला भेटेल तेव्हा विचारते, “काही आवाज आला होता का रे?” आणि तो म्हणतो, “नाही.” आताशा तो सायकल चालवत नाही. वळून बघत मात्र असतो, बसल्या जागीसुद्धा.

परवा मावशीने पिशवी भरली. ती स्वतः जाणार आहे नाल्यावर. हितेंद्रने पाय धरले तिचे. आबांचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. तेवढं एक सोडून.

“मावशी, तिथं हाक मारायची नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.”

“का म्हनून?” ती पिशवीची गाठ मारत म्हणाली. “मी त्यानी माय शे. कोनी बी विचारो, मी हो म्हनसू.”

उद्या सकाळची शिरपूरची बस आहे. तिच्यासोबत हितेंद्र जाणार आहे.

मला चल म्हणाला. मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.