पठारावरची दुसरी गाडी

राजूरच्या वर, घाट चढून गेलं की एक लांबट पठार लागतं. तिथे आम्ही बहीण-भावांनी तंबूंचं शिबिर चालवायला घेतलं होतं. मी हन्ना. जॉय माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. आम्ही मूळचे भिंगारचे. पप्पा लष्कराच्या वर्कशॉपात होते, त्यामुळे पाना-पक्कड आमच्या घरात लाटण्या-पोळपाटासारखी पडलेली असायची. गाडी बंद पडली म्हणून घाबरणारी माणसं आम्ही नव्हेच.

सप्टेंबर संपत आला होता. पठारावर सोनकी फुलली होती, पण दिसत नव्हती, कारण धुकं. तिकडचं धुकं एकदा बसलं की दिवस दिवस उठत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी शेड झाडावी, तंबू उलगडून बघावेत, आणि गेल्या उन्हाळ्यात घेतलेली जुनी चारचाकी बाईक चालू करून बघावी, एवढ्यासाठी आम्ही दोघं जीप घेऊन वर गेलो होतो. क्वाड म्हणतात ना, जाड टायरांची, तीच. टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून चालू करायची. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टमधून ती आमच्याकडे आली होती.

दुपारी आम्ही डबा खात होतो. तेवढ्यात आमचे राखणदार छगनदादा धुक्यातून धावत आले. डोक्यावरची घोंगडी ओली चिंब झाली होती.

"ताई, बायकू झऱ्यावर घसरली. पाय लई सुजलाय. उभं ऱ्हाता येईना. हाड मोडलं असंल."

छगनदादा आणि छबूबाई पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचे. तिथवर जीप जात नव्हती, सगळा चिखल. झोळी करून आणावं तर माणसं नव्हती. बाजाराचा दिवस, वाडीतले गडी राजूरला उतरलेले.

"क्वाड काढू," जॉय म्हणाला. "दहा मिनिटांत आणतो त्यांना."

त्याने निळा रेनकोट चढवला, चोक ओढला आणि दोरीला झटका दिला. काहीच नाही. पुन्हा दिला. इंजिन नुसतं फुसफुसलं.

प्रथम आम्ही सोप्या गोष्टी बघितल्या. बंद करायचं बटण दाबलेलं राहिलं नव्हतं. टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल होतं, नळी मोकळी होती. मी प्लग काढला. तो ओला होता. फडक्याने पुसला, ब्रशने घासला, वायरच्या टोपीत बसवून इंजिनला टेकवला. जॉयने दोरी ओढली आणि प्लगच्या टोकावर छान निळी ठिणगी उडाली.

"करंट आहे, पेट्रोल आहे," तो म्हणाला. "मग हिला झालंय काय?"

प्लग परत बसवला. दोरी ओढली. आमची गाडी गप्पच राहिली. आणि पठारावर दूर कुठेतरी आवाज झाला... फट्... फट्.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"प्रतिध्वनी," जॉय म्हणाला.

आमच्या गाडीने आवाजच केला नव्हता, तर प्रतिध्वनी कशाचा?

छगनदादा धुक्याकडे तोंड करून उभे होते. "वर दुसरी गाडी न्हाई, ताई," ते हळूच म्हणाले. "कुनाचीच न्हाई." मग घोंगडी ओढून घेत म्हणाले, "मी पुढं हुतो. ती एकलीच हाय घरात." आणि झपाझप निघून गेले. चार पावलांवर धुक्याने त्यांना मिटवून टाकलं.

आम्ही कार्बोरेटर उतरवला. जेटच्या बारीक भोकात कचरा अडकला असणार, असं मला वाटत होतं. होताही. तारेने टोचून, फुंकून साफ केला. पुन्हा जोडला. जॉयने दोरी ओढली. इथे काही नाही. तिकडे मात्र इंजिन धडधडलं, दोन क्षण चाललं, आणि बंद पडलं. या वेळी आवाज स्वच्छ होता. मघाशी खोकल्यासारखा येत होता, आता घसा मोकळा झाल्यासारखा.

"ताई, चोक थोडा आत कर," जॉय म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी चोक आत केला. त्याने दोरी ओढली. तिकडचा आवाज पातळ झाला, गोल झाला. आणि जवळ आला.

धुक्यातून वास यायला लागला. टू-स्ट्रोकच्या धुराचा गोडसर, जळक्या तेलाचा वास. शेडमध्ये तर धुराचा मागमूस नव्हता. मी सहज इंजिनच्या बाहेरच्या, थंडाव्यासाठीच्या पट्ट्यांना हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला. एकदाही न पेटलेलं इंजिन तापलं होतं.

"असं होत नाही," जॉय म्हणाला. एअर फिल्टर काढलेलाच होता. त्याने तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवला. तिकडे धुक्यात इंजिन गुदमरल्यासारखं घरघरलं. त्याने हात काढायला बघितला, तर निघेना. आतून ओढत होतं... दोरी कोणीच ओढत नव्हतं, पिस्टन हलत नव्हता, तरी काहीतरी त्याचा तळहात आत ओढून घेत होतं. मी त्याचं मनगट धरून खेचलं. हात सुटला. तळव्यावर लालभडक गोल वळ उठला होता.

आणि हात सुटल्याबरोबर पठारावरची ती गाडी नीट चालू झाली. एका लयीत, रेस वाढवत.

"प्लग काढ!" मी ओरडले.

जॉयने टोपी उपटली, प्लग फिरवून काढला आणि पत्र्यावर टाकला. आम्ही कान देऊन ऐकत राहिलो. आवाज थांबला नाही. तिला आता आमची गरज उरली नव्हती. आवाज आमच्यापासून हळूहळू दूर निघाला. छबूबाईंच्या घराच्या दिशेने.

आम्ही धावत सुटलो. पायवाट ओळखीची होती, पण धुक्यात दगडसुद्धा अनोळखी वाटत होते. जॉयने माझं मनगट घट्ट धरलं होतं. दोरी ओढून ओढून त्याला धाप लागलेली, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. चिखलात जाड टायरांच्या ताज्या चाकोऱ्या उमटल्या होत्या.

निम्मी वाट झाली असेल. समोरून आवाज यायला लागला. आम्ही बाजूच्या कारवीच्या झुडपांत सरकलो.

"ताई, ऐक," जॉय कुजबुजला. "इंजिन उलटं फिरतंय."

टू-स्ट्रोकमध्ये असं कधीकधी होतं. झटका चुकीचा बसला की इंजिन उलट्या दिशेने चालू होतं, आणि गाडी पुढच्या गियरमध्ये मागे मागे जाते. पप्पांच्या वर्कशॉपात एकदा झालं होतं, सगळे हसले होते.

धुकं फाटलं आणि ती आली. मागचा भाग पुढे करून, उलटी. म्हणून आधी दिसली ती मागे बसलेल्याची पाठ. ओली घोंगडी. छगनदादा. त्यांच्या पलीकडे चालवणारा. त्याचीही पाठच. अंगात निळा रेनकोट.

"छगनदादा!" मी हाक मारली. त्यांनी मान हलवली नाही. पुढच्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसले होते.

गाडी आमच्या अगदी जवळून गेली. आणि मला एकदम कळलं की ती पुढे गेली की आता त्यांची तोंडं आपल्याकडे होणार. मी डोळे गच्च मिटले. प्रार्थना करायला गेले, पण एक शब्द आठवेना. माझ्या मनगटावरची जॉयची पकड सैल झाली... मग सुटली.

आवाज विरला. मी डोळे उघडले. जॉय वाटेच्या मधोमध उभा होता. माझ्याकडे पाठ करून.

"जॉय? बघितलंस तोंड?"

तो वळला नाही. "चल, ताई," म्हणाला आणि चालायला लागला.

"अरे, छगनदादा तिकडे..."

"आधी छबूबाई," तो म्हणाला.

बरोबरच होतं ते. मी त्याच्यामागून निघाले. तो पुढे, मी मागे, घर येईपर्यंत.

छबूबाई दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय भोपळ्यासारखा सुजलेला. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्ना कशापायी आला? आन् ह्येंना कुटं सोडलं?"

"आम्ही आत्ताच येतोय, छबूबाई."

"आसं कसं? आत्ताच न्हाई का गाडी आली? उलटी, मागल्या बाजूनं. ह्येच कापडं व्हती. मी म्हनलं, दादा, जरा तोंड तर दावा. दावंना. आमचे म्हनले, पैला मी बसून बगतो, मंग तुला उचलून घ्यू. बसले... आन् गाडी निघालीच. तवर मला नुसती पाठ दिसली, मंग धुक्यात काय बी न्हाई."

जॉय खाली बसला, त्यांना पाठीवर घेतलं आणि उठला. छबूबाई काही हलक्या नव्हत्या. पण त्याने सबंध पठार एकदाही न थांबता पार केलं. मी मागून धापा टाकत होते. त्याचा श्वास मला ऐकूच येत नव्हता. मला वाटलं, काळजीपोटी माणसाला बळ येतं.

शेड आली. आमची क्वाड सोडली तिथेच उभी होती, प्लगची टोपी लोंबत, प्लग पत्र्यावर. आणि तिच्या सीटवर, मागच्या अर्ध्या भागात, छगनदादा बसले होते.

दोन्ही हात समोर वळवलेले, बोटं एकमेकांत अडकवलेली. पुढची सीट रिकामी होती. हातांच्या कड्यात मात्र बरोबर एका माणसाच्या कमरेएवढी जागा राहिली होती. गाल कशाला तरी टेकल्यासारखा एका बाजूला कललेला.

जॉय छबूबाईंना जीपमध्ये बसवत होता. मी छगनदादांच्या हातांवर हात ठेवला. बर्फासारखे गार.

"दादा, सोडा हात. उतरा."

"आदी जॉयदादाला उतरू द्या, ताई," ते म्हणाले. "मी सोडलं तर पडतील त्ये. लई भ्यालेत. लई थरथर कापत्यात."

मी जीपकडे बोट केलं. "दादा... जॉय हा काय इथे उभा आहे."

त्यांनी मान वळवून जॉयकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातांची मिठी आणखी आवळली, आणि मला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ह्यो न्हवं, ताई. ह्यो तर मगा गाडी चालवीत व्हता."

त्यांना तसंच उचलून जीपमध्ये घालावं लागलं. राजूरला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे बोटं सैल झाली. हात उघडले तसे छगनदादा लहान मुलासारखे रडायला लागले. "पडला," म्हणाले. "धुक्यात पडला वो..." डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. माझ्या शेजारी जॉय उभा होता. "हो, धक्काच," तो म्हणाला.

छबूबाईंचा पाय जुळून आला. छगनदादा आता बरे आहेत, पण पठार सोडून लेकीकडे राहायला गेले. शिबिर आम्ही उघडलंच नाही. मी एकदा पोलिसपाटलांना आणि वाडीतल्या गड्यांना घेऊन सबंध पठार पालथं घातलं. काय शोधायचंय, हे त्यांना सांगता आलं नाही. काही सापडलं नाही.

जॉय भिंगारला घरीच असतो. नीट जेवतो, हसतो, रविवारी चर्चला येतो. मम्मी म्हणते, शांत झालाय पोरगा. गल्लीत त्याचं कौतुक आहे. कुणाचीही गाडी अडली तर त्याला बोलावतात, आणि त्याने हात लावला की ती चालू होते. मीही सगळ्यांसारखं कौतुक करते. त्याच्या मागे बसून मात्र कुठे जात नाही.

परवा बाजारात जायचं होतं. मी चावी घेऊन अंगणात आले, तर तो माझ्या स्कूटरवर आधीच बसला होता. पाठ माझ्याकडे.

"बस, ताई," म्हणाला.

स्कूटर चालू होती. चावी माझ्या मुठीत होती.