रेघेवरून ओळखलेला हात

चहाच्या यंत्रापुढे तो तिच्या मागे उभा होता, आणि तिच्याच चहाड्या तिलाच सांगत होता.

"वर काचेमागे एक बाई बसते, पाहिलीत का? गाडी चार मिनिटं उभी राहिली की फोन! कुठे आहात, का थांबलात, इंजिन का चालू... इतकी चौकशी तर सासूसुद्धा सुनेची करत नसेल."

"उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की डिझेल उगाच जळतं," ती कपाकडे बघत म्हणाली.

"अगदी असंच बोलते ती! ओळखता वाटतं तुम्ही तिला?"

"थोडीफार." कप भरला. ती वळली. "मीच ती."

त्याचे कान लाल झाले, पण डोळ्यांतलं हसू काही आवरेना. "आवाजावरून वाटलं होतं... पन्नाशीच्या असाल."

"आणि मला वाटलं होतं, तुम्ही शहाणे असाल."

ती मालवाहतूक कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसे. पडद्यावर चाळीस ठिपके, म्हणजे रस्त्यावर चाळीस ट्रक. प्रत्येक ट्रकमधलं यंत्र तिला वेग सांगे, ब्रेक सांगे, थांबा सांगे, आणि त्या सगळ्याची पडद्यावर वरखाली जाणारी एक रेघ उमटे. गाड्या रोज बदलत. पण चालकाने आपलं कार्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे, म्हणून कोणती रेघ कुणाची ते कळे.

त्या दिवसापासून तो वाटेत थांबू लागला.

"पाच मिनिटं झाली. का थांबलात?"

"टायर बघतोय."

"पाच मिनिटं?"

"दहा टायर आहेत, बाई. एकेकाची खुशाली विचारायला नको?"

"विचारून झाली असेल तर निघा."

"इंजिन बंद ठेवलंय हं... तेही लिहा."

फोन ठेवला तरी हसू ओठांवर रेंगाळायचं. हळूहळू त्याची रेघ तिच्या डोळ्यांत बसली. वळण यायच्या कितीतरी आधी तो वेग सोडी. उतारावरून गाडी अशी आणी, जसं झोपलेलं लेकरू कुणी कडेवरून अलगद खाली ठेवावं.

आणि एका आठवड्यात ती रेघच बिघडली. उशिरा लागलेले ब्रेक, दचकलेली वळणं, दिवसभर लाल खुणा. दुसरा आठवडाही तसाच गेला. फोन केला तर तो दोन शब्दांत उरके.

"तिसराही लाल गेला की गाडी काढून घेणार त्याच्याकडून," साहेब म्हणाले. "नियम आहे."

तिचं जेवणात लक्ष लागेना. कागद काढून तिने सगळ्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या. सगळे ज्यांना काका म्हणत, त्या साठीला टेकलेल्या चालकाची रेघ नेमकी त्याच दिवसापासून रेशमासारखी झाली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं... हा हात काकांचा नव्हे. हा हात ती ओळखत होती.

दुपारी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. पडद्यावर ज्या ट्रकवर त्याचं नाव होतं, तो ट्रक हिसका खात थांबला. त्यातून पायरी पायाने चाचपत काका उतरले. पाठोपाठ दुसरा ट्रक आला, पाण्यावरून आल्यासारखा. त्यातून तो.

"कार्डं बदललीत तुम्ही," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "काकांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. शेवटी शेवटी लाल शेरा नको त्यांच्या नावावर. मला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलं."

"त्यांना नीट दिसत नाहीये."

"मला माहीत आहे."

"मग रस्त्यावरच्या माणसांचं काय? आणि काकांचं? उद्या दुपारपर्यंत साहेबांना सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. आज काकांना गाडी मिळणार नाही, ते मी बघते. मग तुम्ही माझ्याशी जन्मात बोलला नाहीत तरी..."

वाक्य तिथेच राहिलं. तो पाठ फिरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनकडे बघायचं नाही असं ठरवून ती फोनकडेच बघत होती. अकरा वाजले. साडेअकरा... ती उठली, साहेबांच्या दाराकडे निघाली, आणि जिन्यात पावलं वाजली. कठडा धरून काका येत होते, त्यांच्यामागे तो.

"पोरी, बस तू," काका म्हणाले. "याने रात्रीच डोळ्यांचं माझ्या लेकीला सांगितलं. माझं मी बोलतो. चाळीस वर्षं गाडी चालवली, चार वाक्यं नाही का बोलता येणार?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन ठरलं, आणि उरलेले महिने काकांनी आवारातच नव्या चालकांना शिकवायचं असंही ठरलं. त्याला मात्र शिक्षा झाली. पंधरा दिवस गाडी बंद, वर बसून पडदा बघायचा. खुर्ची एकच रिकामी होती, तिच्या शेजारची.

पहिला तासभर दोघंही ठिपके मोजत राहिले.

"रागावलो होतो," तो पडद्याला म्हणाला.

"कळलं होतं."

"तुमच्यावर नाही. तुम्ही बरोबर होतात, त्याचा राग होता." मग जरा थांबून, "नुसत्या रेघेवरून ओळखलंत मला?"

"कामच आहे माझं ते."

"असं?" त्याने पडद्यावरच्या एका नावावर तळहात ठेवला. "मग सांगा, ही कुणाची?"

तिने डोळे बारीक केले. "ही... नाही सांगता येत."

"ही?"

"नाही."

"बरं, ही तरी?"

तिने मान हलवली. तिचे कान तापले होते.

"चाळीस जण आहेत, बाई," तो अगदी हळू म्हणाला. "आणि ओळखता येतो..."

"एकच," ती म्हणाली.

त्याने पडद्यावरून हात काढला. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी टेबलावर ठेवला, तिच्या हाताशेजारी, बोटभर अंतर सोडून.

ते अंतर तिनेच मिटवलं.