बेशरमीचा राखणदार

रचनाची स्कूटी तलावाच्या गाळात रुतली नसती, तर संघदीपशी तिची ओळखच झाली नसती. पण रुतली, आणि तीही अशी की मागचं चाक दिसेनासं झालं. तेवढ्यात पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चाललेला एक ट्रॅक्टर थांबला.

"काऊन मॅडम, मासोळ्या पकडाले स्कूटी घेऊन उतरल्या का?"

"हसू नका. दोर असेल तर टाका."

त्यानं दोर बांधून स्कूटी ओढून काढली. मग तिच्या गालावरच्या चिखलाकडे बघत आपल्याच गालाला बोट लावलं. रचना चिडली... पण कुडव्याला घरी गेल्यावर आरशात बघून एकटीच हसली.

रचना विद्यापीठात कंत्राटावर शिकवायची. बिघडलेला तलाव पुन्हा जिवंत कसा करायचा, हा तिचा विषय. गोरेगावजवळच्या या तलावाचा काठ कुठंही फोफावणाऱ्या बेशरमीच्या झाडांनी गिळून टाकला होता. ती उपटून देशी पाणवनस्पती लावल्या तर मासे परत येतात का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी तिनं दोरी बांधून तीन चौकोन आखले होते. एकात नवी लागवड, दुसरा नुसता साफ केलेला आणि तिसरा जसाच्या तसा, बेशरमीसकट. तीन वर्षं ती त्यांतलं सगळं मोजत होती. शेवटची मोजणी तेवढी उरली होती आणि एप्रिलअखेर कायमच्या नोकरीची मुलाखत होती. कंत्राटाला ती अगदी कंटाळली होती हो!

संघदीपचं शेत पाळीला लागूनच. तो रोज काहीतरी निमित्त काढून यायचा.

"आज कशाला आलात?"

"पाणी प्याले."

"शेतावर पाणी नाही?"

"पाणी आहे. तुमी नाई."

रचना मान खाली घालून मोजत राहायची, आणि आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून... त्याला ते कळायचं. मेला गालातल्या गालात हसायचा.

एका सकाळी ती आली तर संघदीप घामानं निथळत पाळीवर उभा. हातात कुदळ, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद.

"पाहा मॅडम! तुमचं राहिलेलं काम करून टाकलं."

तिसरा चौकोन तळहातासारखा स्वच्छ होता. उपटलेली बेशरम बाजूला जळून राख झाली होती.

"अहो, तो राहिला नव्हता! मुद्दाम राखला होता!" रचनाचा आवाज फाटला. "जिथं काहीच केलं नाही, तो चौकोनच नसेल तर मी तुलना कशाशी करू? माझी तीन वर्षं गेली!"

"मले वाटलं, तुमी थकून जाता... म्हणून..."

"जा तुम्ही. मला तोंड दाखवू नका."

तो गेला.

मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. रचनानं वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी तिसऱ्या चौकोनाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

मुलाखतीत तिनं घडलं ते सांगून टाकलं.

"चूक कुणाची?" समोरच्या प्राध्यापिकेनं विचारलं.

"माझी," रचना म्हणाली. "चार महिने तो माणूस रोज तिथं यायचा. तो चौकोन का ठेवलाय, हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही." हे बोलताना तिचं तिलाच कसंतरी झालं.

नोकरी दुसऱ्याला लागली. पण त्याच प्राध्यापिकेनं दोन वर्षांचा नवा संशोधन प्रकल्प तिच्या हाती दिला. पगार बेताचाच आणि काम पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर संघदीपचा पत्ता नव्हता. तिला त्याची भयंकर आठवण येत होती आणि त्याचाच रागही येत होता. मे महिन्यातल्या एका सकाळी तिनं स्कूटी काढली ती थेट तलावावर.

बघते तर मासेमारी संस्थेनं सारा काठ साफ करून टाकलेला. फक्त पलीकडच्या टोकाला हिरवा तुकडा उभा होता. त्याच्यासमोर संघदीप, आणि हातात कोयता घेतलेले संस्थेचे अध्यक्ष उदाराम.

"पोरी, याले सांग काही!" उदाराम ओरडले. "सारा तलाव साफ झाला अन् हा पोट्टा बेशरम राखून राहिला! महिना झाला, एक फांदी तोडू देत नाई. गाव हसून राहिलं याले!"

"हसू द्या," संघदीप म्हणाला. रचनाकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

त्या तुकड्याभोवती बांधलेली दोरी तिचीच होती, ती पाळीवर टाकून गेलेली.

"किती बाय किती?" तिनं विचारलं.

"दहा बाय दहा. दोनदा मोजलं." मग हळूच, "नोकरी...?"

"नाही लागली. पण दोन वर्षांचं काम मिळालं. इथंच. पहिल्यापासून." तिनं दोरीची गाठ चाचपली. "आणि मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मंग दोन वर्षं राखतो. जास्त लागले तरी राखतो." तो थांबला. "मले तुमी लय आवडता, मॅडम. उपटलं ते बी त्याच्यापायी, अन् राखून राहिलो ते बी त्याच्यापायीच."

उदाराम खाकरले आणि कोयता खांद्यावर टाकून चालते झाले.

एक फांदी दोरीवर कलली होती. सवयीनं ती सरळ करायला संघदीपचा हात पुढे गेला आणि तिथंच थांबला.

"नाई... हात नाई लावत."

"तिला नको," रचना म्हणाली, आणि आपला हात पुढे केला.