टेपचं दुसरं टोक

दिवा राहू दे रे, पण तो मोबाइल ठेव बाजूला. गोष्ट माझ्या मित्राची आहे. जुन्या इमारतींची मापं काढून नकाशे करतो, म्हणून आम्ही त्याला पट्टी म्हणतो. शप्पथ, पदरचं एक अक्षर घालत नाहीये.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. जुन्या कापडबाजाराची गल्ली. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मापं रात्री. दोनशे वर्षांची गल्ली ती. ज्याने ज्याने घर नव्याने बांधलं, त्याने त्याने रस्त्याची वीतभर जागा ढापलेली. वरचे मजले तर इतके पुढे काढलेत, की या सज्ज्यातून समोरच्या सज्ज्यात काडेपेटी देता यावी.

सोबत पट्टीचा मेहुणा होता. बायकोचा एकुलता एक भाऊ. कामाला वाघ, तोंडाने फटकळ. शेवटचं घर उरलं होतं. रिकामं, अरुंद, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकच बोळ. भिंतीपलीकडे दुसरी गल्ली. म्हणजे लांबी बारा मीटर, फार तर तेरा. पट्टी टेपची डबी धरून उंबऱ्यात उभा राहिला. मेहुणा टेपचं टोक घेऊन आत गेला.

"भावोजी, उभ्या उभ्या झोपू नका हं!"

टेप सरकत गेली. बारा. तेरा. अठरा.

"अरे, भिंत लागली का?"

"नाही ना... बोळ संपतच नाहीये."

"मग फिर माघारी."

"फिरलो."

आता टेप सैल पडायला हवी. ती आतच चालली होती. बावीस... चोवीस...

"अरे, माघारी फिर म्हणतोय ना!"

"माघारीच येतोय, भावोजी. दार कुठंय?"

पट्टी टॉर्च घेऊन आत धावला. बारा मीटरवर भिंत. कोरडी. अखंड. टेप सरळ तिच्यात शिरलेली. फट नाही. भोक नाही. त्याने कान लावला... आतून पावलं. लांब जाणारी.

"भावोजी... टेप सोडू नका."

तीस मीटरची टेप. संपली. ओढ लागली. पट्टीने भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी धरली. पोलादी पातं ते. तळवे कापले. ओरडला. गल्लीत एकही खिडकी उघडली नाही.

मग...

थांबा जरा. पाणी दे.

त्याने सोडली नाही रे. सुटली. अजून हात पुढे करून लोकांना हेच सांगत बसतो. त्या रात्री बायकोसमोर कुठल्या तोंडाने गेला असेल, मला तर विचारही करवत नाही.

पोलीस आले, गवंडी आले. मागची भिंत फोडली. पलीकडे गल्ली, बाकी काही नाही. मग बायकोने हट्टाने बोळाच्या बाजूच्या भिंतीचा गिलावा उतरवायला लावला. चुन्याचा, चार बोटं जाड, माझ्या पणजोबांच्याही आधीचा. खाली विटांवर पेन्सिलीच्या खुणा निघाल्या. टेप संपली की मोजणारा तशी खूण करतो, आकडा आणि बाण, आणि तिथून पुढे मोजतो. अक्षर तिने ओळखलं, भावाचं. तीस. साठ. नव्वद. मागच्या भिंतीपासून एकेक करत पुढे आलेल्या.

शेवटची खूण उंबऱ्याच्या हातभर आत. दोनशे सत्तर. त्यापुढे कोरी वीट.

बाण दाराकडे.