चार वेळा न सुरू झालेली गाडी

कस्तुरी मगदूम आली त्या दिवशी सांगलीवर सकाळपासून मळभ होतं. भर अकरा वाजता ऑफिसात दिवा लावावा लागला होता.

अनंतराव दिवेकरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ते वही उघडून बसले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते अबोली भिडेंकडे कागदपत्रं सांभाळत. अबोलीबाई पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, आता खासगी तपास घ्यायच्या.

"अकरा दिवसांपूर्वी माझे वडील गेले," कस्तुरी म्हणाली. "कल्लाप्पा मगदूम. छातीत कळ आली. गावातल्या ट्रस्टचं आवार आमच्या घराला लागूनच आहे. दोन शेजारणींनी आणि ड्रायव्हरनं बाबांना उचलून तिथल्या रुग्णवाहिकेत ठेवलं. पण गाडी सुरूच झाली नाही. दुसरी मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. बाबा तिथेच, उभ्या गाडीत गेले."

"ढकलून पाहिली?"

"आवारातून बाहेर निघताना चढ आहे. माणसं सगळी ऊसतोडीला रानात. कोण ढकलणार?" तिनं डोळे पुसले. "सन्मतीकाका ट्रस्टचे सचिव आहेत. ते म्हणतात, ड्रायव्हर शिवतेज प्यायलेला होता, त्याला चावीसुद्धा फिरवता आली नसणार. त्यांनी पोलिसांत तक्रार दिलीय. तो दोषी असेल तर मी त्याला सोडणार नाही. पण बाबा त्याला घरचं मानायचे हो. मला खरं काय ते कळायला हवं."

रुग्णवाहिका गॅरेजमध्ये उभी होती. मेकॅनिक प्रांजलनं हात पुसत सांगितलं, "बॅटरी नवी हाय. स्टार्टर खोलून बघितला, चकाचक. आवं, त्या दिवसापासनं चाळीसदा तरी चावी मारली असंल. एकदा बी अडली न्हाई."

अबोलीबाई स्वतः चढल्या. बारा वेळा चावी फिरवली, बाराही वेळा इंजिन लागलं. मग त्या वाकून स्टिअरिंगखाली टॉर्च मारत राहिल्या.

"ही स्टार्टरची वायर ना? हिला इथे जोड आहे. तुम्ही दिलात?"

"न्हाई बा. आमी वायरिंगला हातच लावला न्हाई. टेप तर नवीच दिसतीया."

अनंतरावांनी वहीत 'जोड' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. परतताना ते म्हणाले, "बाई, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली. मला तर काकांचंच खरं वाटतं."

"त्या दिवसानंतर फक्त ड्रायव्हरच बदलला असं तुम्ही धरून चालताय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी दोघं मलकापूरला गेली. नोकरी गेल्यावर शिवतेज तिथे सासुरवाडीला येऊन राहिला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याच्या बायकोनं, दीपालीनं, चहा ठेवला आणि ती दारातच उभी राहिली.

"माळकरी माणूस हाय मी," तो म्हणाला. "आजवर थेंबाला शिवलो न्हाई. पर ऐकतंय कोण?"

"गाडीचं सांगा."

"दोन महिन्यांत चार येळा झालं बघा. दिवे लख्ख, हॉर्न जोरात, पर चावी फिरवली की टिकसुदिक वाजायचं न्हाई. मेलेल्यावानी गप. मिरजेला दवाखान्याम्होरं तसंच झालं तवा चौघांनी सपाटीला ढकलली, तर लगीच लागली. बाकीच्या दोन येळंला पंधरा-वीस मिंटांनी आपसूक सुरू झाली. कुणी हात बी लावला न्हाई."

"त्या पंधरा-वीस मिनिटांत काहीच घडलं नाही?"

शिवतेजनं आठवून पाहिलं. "काय न्हाई. सचिवसाहेबांचा फोन आला तेवढा. गाडी काढायच्या आधी त्यांना फोन करायचा असा नियमच हाय, ह्या दिवाळीपासनं. त्या येळंला त्यांचा लागला न्हवता, मग त्यांनी उलटा केला."

"आणि कल्लाप्पांच्या वेळी?"

"चारदा लावला. बंद हुता."

अनंतरावांना वाटलं, एवढ्या गडबडीत फोन कसले लावत बसला होता हा? अबोलीबाईंनी मात्र ते वाक्य त्यांना जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

सन्मती मगदूम ट्रस्टच्या कचेरीत भेटले. पांढरा सदरा, आवाज करडा.

"भाऊ गेलाय माझा. आणि तुम्ही त्या बेवड्याची बाजू घेताय?"

"बाजू कुणाचीच नाही. तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

"पाचगणीला. लेक तिथं शाळेत आहे, पालकसभा होती. फोन बंद करून बसावं लागतं. विचारा शाळेत! यापूर्वी गाडी अडली तेव्हा तरी मी कुठं गावात होतो? माझा काय संबंध?"

"ड्रायव्हरला फोनचा नियम कशासाठी?"

"शिस्त म्हणून. हे लोक लबाड. मागच्या महिन्यात तो उंब्रजला वीस मिनिटं चहाला थांबला होता. मला सगळं कळतं."

अबोलीबाईंनी मान हलवली आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत त्यांनी कस्तुरीला आणि शिवतेजला बोलावलं. बाहेर उसाच्या फडांवर धूर साचला होता. अनंतराव कोपऱ्यात बसले.

"दिवे लख्ख होते, म्हणजे बॅटरीत दोष नव्हता," अबोलीबाईंनी सुरुवात केली. "ढकलल्यावर लगेच लागली, म्हणजे इंजिन आणि डिझेल ठीक. टिकसुद्धा वाजत नव्हतं, म्हणजे चावीकडून स्टार्टरकडे वीजच पोचत नव्हती. वायर मध्येच तुटत होती आणि नंतर आपोआप जुळत होती. गंजलेली वायर जुळायला धक्क्याची नाहीतर खड्ड्याची वाट बघते. ही फोनची वाट बघत होती."

"म्हणजे?" अनंतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"गाडीवर नजर ठेवणारं यंत्र मिळतं. त्यात सिमकार्ड असतं. मालक मोबाईलवरून गाडी कुठे आहे ते बघतो, आणि हवं तर स्टार्टर बंद करतो. शिवतेज उंब्रजला किती मिनिटं थांबला हे सन्मतीरावांना इथे बसून कसं कळलं? गाडी काढण्याआधी फोन करायचा नियम का? कारण फोन आला की हे तिकडून कुलूप उघडायचे. ज्या दिवशी यांचा फोन बंद, त्या दिवशी गाडी बंद. काल तुम्ही पाचगणीचा पुरावा दिलात, सन्मतीराव. गाडी का अडली याचाही तोच पुरावा आहे."

सन्मती टेबलावरचे कागद नीट करू लागले.

"भाऊ गेल्यावर तुम्ही यंत्र काढून टाकलंत आणि वायर जोडलीत. म्हणून त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. टेप नवी आहे. तुमच्या मोबाईलमध्ये त्या यंत्राला दिलेले हुकूम अजून असतील. बघू या?"

टेबलावरच्या मोबाईलकडे सन्मतींचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"आधीचा ड्रायव्हर गाडीतून भाडी मारायचा," ते हळू म्हणाले. "म्हणून गुपचूप बसवलं. पहिल्यांदा अडली तेव्हाच मला कारण कळलं होतं. म्हटलं, फोन लागला की होतीय की सुरू. सांगितलं असतं तर धाक राहिला नसता. सभा सुटली, फोन चालू केला, तर गावातून निरोप... मी दादाला मारायला नव्हतं रे बसवलं."

"आणि मग शिवतेज प्यायलेला होता," कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. अनंतरावांना तो ऐकवेना.

सन्मतींनी शिवतेजकडे न बघताच विचारलं, "दादा... काय म्हणाला शेवटी?"

शिवतेज भिंतीला टेकून उभा होता. "मी रडत हुतो. चावी फिरवत हुतो आन् रडत हुतो. मागनं माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. 'घाबरू नको पोरा' म्हणाले. मलाच."

सन्मतींनी दोन्ही हातांत तोंड लपवलं.

कस्तुरी उठली. दाराशी काकांच्या चपला विस्कटून पडल्या होत्या. तिनं त्या सरळ करून ठेवल्या.

"चला," ती म्हणाली. "पोलिसांना तुम्हीच सांगायचं. मी सोबत येते."